दाबलेला ठसका

सुक्या मिरच्या तेलात करपल्याचा वास कुठूनही आला, की मला मुलुंडच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. कॉलेज सोडल्यापासून माझी लेक दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. दिवसभर माळ्यावर पडून असायची आणि कुणी आलं की पडदा ओढून घ्यायची. त्या दुपारी नणंद तिच्या जावेला घेऊन स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला अचानक आली. "पोरगी कुठे गं, वहिनी?" तिनं विचारलं. "मामाकडे गेलीय, गावाला," माझ्या तोंडून निघून गेलं. नजर चुकवायला म्हणून मी आमटीला फोडणी द्यायला वळले, तर गॅस मोठाच राहिला आणि मिरच्या जळल्या. खोलीभर ठसका उठला. "लग्नाआधीच मारतेस काय आम्हाला? दार उघड ना!" नणंद खोकत खोकत हसत होती, जावेला तर बोलताही येईना. धूर सगळा वर माळ्याकडे चालला होता, पण वरून एवढासाही आवाज आला नाही. त्या दोघी जेवून जाईपर्यंत माझं लक्ष तिथंच होतं. मग मी शिडी चढले. ती उशीत तोंड खुपसून बसली होती, तोंड वर केलं तर चेहरा लालभडक, डोळे सुजलेले. म्हणाली, "आई, आवाज नाही केला मी." मला तिला जवळसुद्धा घेता आलं नाही, खाली येऊन मी भांडी घासत बसले. ती अजून वरच असते. आता कुणी विचारलं तर घरातच आहे असं सांगायचं मी ठरवलंय, पण हल्ली तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही.