कोरे रकाने

आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डात मी अठरा वर्षं फरशी पुसतेय. कोण किती पाण्यात आहे ते मला विचारा. एस्तेल नानखुम्वा सिस्टर तोंडाची फटकळ, पण बाळंतपणात तिच्यासारखी दुसरी नाही.

प्रत्येक बाईच्या कळांचा एक तक्ता असतो. दर अर्ध्या तासाने पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे नि आकडा लिहायचा. एक सिस्टर, बारा बाया, कसं जमणार? मग बाकीच्या सिस्टर सगळं उरकल्यावर मक्याच्या पिठाची न्सिमा खाता खाता मनानेच रकाने भरून टाकत. राजधानी लिलोंग्वेहून तपासायला येणारे साहेब खूश. एस्तेल मात्र ऐकलं तेवढंच लिहायची.

मार्चमध्ये तिच्या पाळीत एक बाळ दगावलं. चौकशी लागली. आदल्या दिवशी मेट्रन चिपेताबाईंनी तो तक्ता तिच्यापुढे सरकवला.

"दोन ते साडेतीन कोरं आहे. भर, नाहीतर वॉर्ड जाईल तुझा."

"तेव्हा मी दुसरीचा रक्तस्राव थांबवत होते, मॅडम. ठोके ऐकलेच नाहीत, तर लिहू काय, कपाळ?"

"शहाणपणा पुरे. सगळ्याच लिहितात."

"म्हणून तर साहेबांना वाटतं, एक सिस्टर पुरते."

तिनं नाहीच भरलं. साहेबांनी कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं, हलगर्जीपणाचा शेरा मारला आणि तिला चादरींच्या कोठीत धाडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फरशी पुसणारीच्या रागाला कोण विचारतं?

जूनमध्ये मेट्रनबाईंची लेक बाळंतपणाला आली. तिला धरून वॉर्डात त्या दिवशी दहा बाया. पाळीवरच्या सिस्टरला साहेबांची शाबासकी मिळालेली, तक्ते कायम भरलेले. मेट्रनबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "जा, एस्तेलला बोलावून आण."

एस्तेल आली, दिवसभर लेकीपाशी बसली. दर अर्ध्या तासाने ठोके ऐकले, लिहिले. मध्येच नाळेचा काहीतरी घोळ झाला, तो तिनं वेळेत ओळखला. संध्याकाळी नातू झाला. मेट्रनबाईंनी डोळे पुसत तक्ता पाहिला. एकही रकाना कोरा नव्हता.

"बघ, जमतं की तुला."

"एकीपाशीच बसले होते, मॅडम. बाकीच्या नऊजणींपाशी कोण होतं?"

सकाळी एस्तेल पुन्हा कोठीत चादरींच्या घड्या घालत होती, आणि वॉर्डात त्या नऊजणींचे तक्ते पूर्ण भरलेले होते.