व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि अण्णांचे मंगलाष्टक

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी शांतता राखण्याचा पगार घेत होतो. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि दिवसातून चाळीस वेळा तर्जनी ओठांवर ठेवणे, हेच माझे सार्वजनिक भाषण होते. (तेही करताना मला संकोच वाटे.) त्यामुळे निवृत्तीनंतर मी एकाएकी आवाजाच्या नादी लागलो, तेव्हा पत्नीला, म्हणजे मंगलला, प्रथम माझ्या कानांची आणि नंतर डोक्याची काळजी वाटू लागली.

उशिरा शिकू लागलेल्या माणसाला घाई फार असते! सहा महिन्यांत मी कॅसेट डेक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर इथपर्यंत पोहोचलो आणि प्रीॲम्प्लिफायरपाशी अडलो. कॅसेटमधून आलेल्या दुबळ्या आवाजाला मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करण्याआधी अंघोळ घालून, भांग पाडून नीट उभा करणारा जो डबा, तो प्रीॲम्प्लिफायर. हे काम ट्रान्झिस्टर करू शकतो आणि जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्हही करू शकतात. दोघांत अधिक चांगले कोण करतो, यावरून सभ्य माणसे हमरीतुमरीवर येतात, हे मला वाचनातून कळले होते. (ग्रंथपालाला सारे काही वाचनातूनच कळते.) ट्रान्झिस्टरचा डबा माझ्याकडे होताच. व्हॉल्व्हचा डबा लातूरचे जुने रेडिओ मेकॅनिक बशीरभाई यांनी स्वतःच्या हाताने बांधून मला ऐकायला दिला.

"आठ रोज ऐका सर," ते म्हणाले. "गोड वाटला तर ठिवा. न्हाई वाटला तर आणून द्या, मी रुसणार न्हाई."

गोड! अहो, काय सांगू! व्हॉल्व्ह पेटले, नारिंगी उजेड पडला आणि पहिल्याच स्वराला माझ्या अंगावर काटा उभा राहिला. ट्रान्झिस्टरचा आवाज कडक इस्त्रीच्या सदऱ्यासारखा होता. त्याची घडी न् घडी दिसे. व्हॉल्व्हचा आवाज म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी! (व्हॉल्व्हचे सगळेच डबे असे मवाळ नसतात म्हणे, परंतु बशीरभाईंचा होता.) मी मंगलला ओढतच आणले.

"ऐकलंस? फरक कळला?"

"हाव. हा डबा गरम होऊन राहिला."

"आवाजातला फरक, मंगल!"

"अहो, मला एवढाच फरक कळला, की काल टेबलावर एक डबा होता, आज दोन हायेत. लेकीचं, पल्लवीचं लग्न महिन्यावर आलंय. पाहुणे काय डब्यावर बसवू? एकच राहील."

"कोणता?"

"ते अण्णा ठरवंल. आपल्यात गाण्यातलं कळतं ते त्यालाच."

अण्णा म्हणजे मंगलचे थोरले बंधू. लातुरात त्यांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. परंतु त्यांची खरी ख्याती मंगलाष्टकांची. रेणापूरपासून किल्लारीपर्यंत कुठेही अंतरपाट धरला गेला, की माईक अण्णांच्या हाती गेलाच! दोन्हीकडच्या मंडळींची नावे गुंफून ते स्वतः कडवी रचतात. आमच्या लग्नात त्यांनी अकरा कडवी म्हटली होती आणि ती टिपून घेण्यासाठी आपला टेपरेकॉर्डर माझ्या मामांच्या गळ्यात पट्ट्याने अडकवला होता. मामा माझ्या पाठीशी उभे होते. तेव्हापासून एकोणतीस वर्षे मी सांगत आलो आहे, "अण्णा, तुमच्यासारखे म्हणणारे दुसरे कुणी नाही." (यातील अक्षरही खोटे नाही.)

माझ्या डोक्यात कल्पनेचा स्फोट झाला. अण्णांना त्यांचीच कॅसेट ऐकवायची, लग्नानंतर त्यांनीच भेट दिलेली आणि तेव्हापासून कपाटात न वाजता पडून असलेली! स्वतःचा आवाज गोधडीत गुंडाळून समोर आल्यावर कोणता माणूस व्हॉल्व्हच्या विरोधात जाईल?

रविवारी सकाळी अण्णा तूरडाळीची पिशवी घेऊन हजर झाले. चहा झाला. मी व्हॉल्व्हच्या डब्यावरून कॅसेट लावली. अण्णांचा एकोणतीस वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत असा काही पसरला, की त्याच्या गोडव्यावर माझाही क्षणभर विश्वास बसला! अण्णांनी डोळे मिटले. अकराव्या कडव्याला ते पाणावले.

"दाजी! ह्यो मी हाय?"

"तुम्हीच, अण्णा."

"लई गोड हो! मधी कसली तरी सळसळ येती तेवढी."

"मांडवाच्या झालरीची असावी."

"असू द्या. मंगल, हाच डबा ठिव. दुसरा भंगारात घाल."

मी जिंकलो होतो! शहाण्या माणसाने इथे कॅसेट काढून दुसरा चहा मागवला असता. परंतु आनंद अनावर झाला, की मला न्यायबुद्धी सुचते. मी म्हणालो, "अण्णा, दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज निकाल देणे योग्य नव्हे." आणि स्वतःच्या हाताने वायरी काढून ट्रान्झिस्टरच्या डब्याला जोडल्या.

काय तो फरक! आमच्याकडच्या ज्वारीच्या अक्षता आता नुसत्या पडत नव्हत्या. दाणा न् दाणा माईकवर आपटून उडत होता. अण्णांच्या आवाजाची हाडे मोजता येत होती. सहावे कडवे संपले, "सावधान" झाले, अण्णांनी दम घेतला आणि ज्या जागी व्हॉल्व्हने सळसळ ऐकवली होती, त्याच जागी एक कुजबुज सुस्पष्ट उमटली:

"मामा, हे गृहस्थ गात आहेत की ट्रक मागे घेत आहेत?"

आवाज कुणाचा, हे विचारण्याची गरजच नव्हती. इतक्या शुद्ध मराठीत अपमान करणारा त्या मांडवात एकच मनुष्य होता!

मी डब्यावर झेप घेतली. घाईत बटण उलटे फिरले आणि पुढचा संवाद बहुधा विष्णुपुरीच्या धरणापर्यंत गेला.

"गप उभा ऱ्हा," मामा म्हणाले. "अजून पाच कडवी हायेत."

"पाच? मुहूर्त टळेल!"

"टळंल तर टळंल."

"टळला तरी चालेल, मामा, परंतु यांना थांबवा!"

मी कॅसेट बंद केली. तीस वर्षे ग्रंथालयात जी शांतता मला साधली नाही, ती माझ्या बैठकीच्या खोलीत अवतरली.

"पुन्यांदा लावा," अण्णा म्हणाले.

त्यांनी ते तीनदा ऐकले. तिसऱ्या वेळी मंगलने तोंड उघडले.

"टळला तरी चालेल? मी तिकडं हार धरून उभी, हाताला कळ लागलेली, अन् हे इकडं लग्न टाळून राहिले!"

"अगं, मी केवळ मुहूर्ताविषयी..."

"एकोणतीस वर्षं," अण्णा हळूच म्हणाले, "गावभर सांगत आलो. आमचे दाजी देवमाणूस! लग्नात एक शब्द बोलले न्हाईत."

त्यांचा चेहरा पाहून मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. त्यांच्या वरच्या खिशात कागदाची घडी होती. पल्लवीच्या लग्नासाठी रचलेली नवी अकरा कडवी! ती काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"मी आता म्हणणार न्हाई."

"अण्णा, असं नको करू. पोरीच्या मामानं म्हणायला पायजे," मंगल म्हणाली.

"मग तुम्हीच म्हणा की दाजी. तुम्हाला कळतंय की त्यातलं!"

"मी? अण्णा, मला चारचौघांत पाणी मागता येत नाही!"

"म्हणूनच. पुरी अकरा. तुम्ही म्हणला, की मी इसरलो. अन् मंगल, ह्यो ट्रान्झिस्टरच ठिव. ह्या घरात खरं बोलणारं एक तरी पायजे."

व्हॉल्व्हचा डबा त्याच दुपारी अण्णांच्या पिशवीतून लातूरला परत गेला.

पल्लवीच्या लग्नात सहाशे माणसांसमोर मी माईक धरला. कागद थरथरत होता, अक्षरे थरथरत होती, "सावधान" तर मी स्वतःलाच उद्देशून म्हटले! पण अकरा म्हणजे अकरा कडवी म्हटली. अण्णांनी मला मांडवात कडकडून मिठी मारली आणि पुढच्या रविवारी हसत हसत घरी आले. त्यांनी सारे मोबाईलवर टिपले होते. नवरदेवाच्या अगदी शेजारी उभे राहून!

ते आम्ही मोबाईल जोडून ट्रान्झिस्टरच्या डब्यावर ऐकले. माझा आवाज ग्रंथालयाच्या गंजलेल्या बिजागरीसारखा होता. सहावे कडवे संपले, मी दम घेतला आणि आमच्या जावईबापूंनी पाठीशी उभ्या असलेल्या आपल्या मामांपाशी केलेली विनयशील कुजबुज खोलीभर घुमली:

"मामा, हे थांबतील ना?"

अण्णा सोफ्यावरून खाली घसरले. "दाजी! जावई तुमच्यावरच गेलाय!"

मी बाहेर जाऊन बशीरभाईंना फोन लावला.

"तो व्हॉल्व्हचा डबा अजून आहे का हो?"

"हाय की सर! काय ऐकायचंय त्याच्यावर?"

"ऐकायचे काही नाही," मी म्हणालो. "ऐकू येऊ नये म्हणून हवा आहे. आणि शक्य असल्यास, दोन व्हॉल्व्ह जास्त बसवा!"