टाचणीबाईंच्या भेटी

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणते. आमच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असतात. टाचण्यांसकट त्या हसतात, गिऱ्हाइकाला झापतात, आणि "हे कुठल्या गाढवानं शिवलं?" असं अगदी स्पष्ट विचारतात. नवरा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याला त्यांनी याच मशीनवर वाढवला. आता शिवण त्यांची, इस्त्री माझी, आणि तो मुलगा, म्हणजे माझा नवरा, तुरुंगात.

काय झालं ते सांगूनच टाकते, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तो मालाची व्हॅन चालवायचा. एका सकाळी त्यानं सायकलवरच्या एका म्हाताऱ्याला उडवलं आणि न थांबता घरी आला. म्हातारा गेला. पोलीस दारात आले तेव्हा मी म्हणाले, "घरी नाहीये तो." तो मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसला होता. सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "मागच्या खोलीत आहे. मारू नका त्याला."

म्हणजे वाचवायला गेले मी आणि धरून दिलं त्यांनी. हे नीट लक्षात ठेवा.

भेट शनिवारी, पंचवीस मिनिटं, एका वेळी एकच माणूस. एक शनिवार त्यांचा, एक माझा. आम्ही घरात एक नियम केला होता. जी जाऊन आली, तिनं चपला काढल्या काढल्या भेट सांगायची. मशीन बंद, इस्त्री बंद, आणि सांगून संपेपर्यंत दुसरीनं मध्ये तोंड घालायचं नाही.

माझी भेट पाच मिनिटांत सांगून व्हायची. मोजे फाटलेत. साबण संपलाय. वकिलाचा फोन आला का? उरलेला वेळ तो टेबलाकडे बघायचा आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यात सांगायचं काय, कपाळ!

आणि त्यांची भेट? तासभर! टाचण्या एकेक करून उशीत खोचायच्या, पदर सारखा करायच्या आणि सुरू. त्याच्या खिडकीतून म्हणे एक क्रेन दिसते. क्रेनवाला वरच डबा खातो, आणि हा खालून त्याला 'आभाळातला शेजारी' म्हणतो. तो म्हातारा म्हणे त्याच्या स्वप्नात येतो. शिव्या देत नाही, नुसतं म्हणतो, "जरा सायकल धर रे, मला चढू दे." आणि हा सायकल धरून उभा राहतो, म्हातारा काही चढत नाही.

मी तोंड मिटून ऐकायचे आणि आत नुसता जळफळाट. बायको मी! पोलिसांशी खोटं बोलले मी! आणि मनातलं सगळं आईला, मला फक्त मोजे?

त्यात रविवारी आमच्याकडे 'शनिवारच्या बायका' जमायच्या. सगळ्यांचं कुणी ना कुणी आत. एकीचा भाऊ, एकीचा बाप, एकीची तर पोटची पोरगी. काहीतरी उसवलेलं घेऊन यायच्या आणि शिवून होईपर्यंत आपापल्या माणसाचं सांगायच्या. सासूबाईंची पाळी आली की खोली चिडीचूप. सायकलीची गोष्ट ऐकून ती भाऊवाली इतकी रडली की तिनं शिवायला आणलेल्या शर्टालाच नाक पुसलं. "काय मुलगा आहे हो तुमचा! आईजवळ किती मोकळा होतो!" मी गुमान इस्त्री फिरवत होते. एका कॉलरवर तेव्हाचा डाग अजून आहे.

सगळ्यात कहर झाला तो मागच्या महिन्यात. भेटीहून आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याबद्दल बोलत होता. म्हणाला, हिच्या हातांना गरम सुती कापडाचा वास येतो. दिवसभर उभी असते, पण पायांची कुरकूर करत नाही. हिच्यामुळे घर उभं आहे."

दुसरी असती तर सुखावली असती. माझं डोकंच फिरलं. माझ्या हातांचा वास, आणि तो सांगायचा आईला? मला सांगायला काय तोंडाला कुलूप लावलं होतं? त्या दिवशी मी जेवले नाही. पोटात दुखतंय म्हणाले. खोटं नव्हतं ते.

तेवढ्यात बदलीची बातमी आली. त्याला दूरच्या तुरुंगात हलवणार. तिथे महिन्यातून एक भेट, आणि भेटीच्या कार्डावर एकच नाव. ते नाव कैद्यानं द्यायचं. ज्याचं नाव नाही त्याला सुटकेपर्यंत, म्हणजे चार वर्षं, भेट नाही. इथला शेवटचा शनिवार माझ्या वाट्याचा होता. मी मनाशी ठरवलं, कार्डावर नाव माझंच. भांडायची वेळ आली तरी बेहत्तर.

निघताना सासूबाईंनी नवे मोजे माझ्या पिशवीत टाकले.

तो समोर येऊन बसला आणि मी सुरूच झाले. "आईला क्रेन सांगतोस, स्वप्नं सांगतोस, माझ्या हातांचा वाससुद्धा तिलाच सांगतोस! मी कोण आहे तुझी? मोजेवाली?"

"कसली क्रेन? माझ्या खिडकीसमोर भिंत आहे."

"मग आईला काय सांगतोस एवढं?"

"मी आईशी बोलत नाही," तो म्हणाला. "ज्या दिवशी तिनं पोलिसांना मागची खोली दाखवली, त्या दिवसापासून एक शब्द नाही. ती येते, समोर बसते, मी खाली बघतो. वेळ संपली की जाते. तुला माहीत नाही? कार्डावर तुझंच नाव दिलंय मी. कालच."

जिंकले होते मी. पण मला आनंद होईना. माझ्या डोळ्यांसमोर एकच येत होतं. चौदा महिने दर पंधरा दिवसांनी ही बाई त्याच्या मिटलेल्या तोंडासमोर पंचवीस मिनिटं बसते, आणि घरी येऊन मला नवरा शिवून देते. माझ्या हातांना वास येतो हे घरी इस्त्रीच्या टेबलापलीकडून कळलं होतं ते तिला. माझे पाय दुखतात हे बघत होती ती.

मग मी त्याला त्याच्याच भेटी सांगितल्या. अगदी तिच्यासारख्या. क्रेनला तो हसला. सायकलीपाशी आले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे तिला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "तो म्हातारा येतो गं. रोज येतो. मी कुणालाच बोललो नाहीये."

"कुणी सांगितलं नाही. आई आहे ती."

मग तो शिपायाला म्हणाला, कार्डाचा कागद अजून बदलता येईल का? शिपाई कुरकुरत कागद आणायला गेला. माझा नवरा मला म्हणाला, "तुझं नाव खोडू?"

देवाशपथ सांगते, मला 'नाही' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. "खोड," मी म्हणाले.

बसमध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई सरकून बसली. हातातलं नाव मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं. गोष्टच सांगायची नव्हती ना! मोजे देऊन गप यायचं होतं!

घरी आले, चपला काढल्या. सासूबाईंनी मशीन थांबवलं आणि टाचण्या काढायला लागल्या.

"कुणाचं नाव?"

"तुमचं."

एक टाचणी खाली पडली. मी ती उचलायला वाकले नाही.

"तो... बोलेल?" त्यांनी विचारलं.

"बोलेल," मी इस्त्री लावत म्हणाले. "आणि आई, आता खरं खरं सांगायचं हं मला. मोजे मागितले, तर मोजेच मागितले म्हणायचं."