खालच्या टोकाचा माणूस

सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे टेकू म्हणायचे. जिन्यावरून कपाट चढवताना वरचे दोघं नुसते ओढतात, भार सगळा खालच्याच्या अंगावर. ते खालचं टोक वीस वर्षं टेकूचं. दुसऱ्या कुणी तिथं हात घातला की हा फणा काढायचा.

मग जांघेत लिंबाएवढा फुगा आला. खोकला की बाहेर, आडवा झाला की आत. दोन वर्षं यानं तो पट्ट्याखाली दाबून ठेवला. शेवटी एकदा फ्रीज चढवताना कळ अशी आली की पायरीवरच बसला.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन केलं. पोटाला तीन भोकं, आत जाळी, दुसऱ्या दिवशी घरी. निघताना बाई म्हणाल्या, "बाहेरून बारीक दिसतंय म्हणून आतही बारीक समजू नका. जाळी मांसात मुरायला वेळ लागतो. दीड महिना भरली बादलीसुद्धा उचलायची नाही."

टेकूनं मान हलवली. मान हलवायला काय जातं!

दहाव्या दिवशी मुकादम आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. टेकूनंच त्याला टोळीत घेतलेला.

"दाजी, दाखवा बघू."

टेकूनं सदरा वर केला.

"एवढंच? मला वाटलं, पोट उसवून शिवलंय. डाससुद्धा याहून मोठं चावतो!"

"आत जाळी आहे."

"मासे धरताय काय?" तो हसला. "राहा निवांत. खालच्या टोकाला ठोंब्या आहे तोवर. गडी दणकट आहे."

बायको म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड?"

"ताई, मी कुठं या म्हणालो?"

नव्हताच म्हणाला. पण ठोंब्याचं नाव आतपर्यंत गेलं. तो गेल्यावर टेकू कामावर जायचं म्हणू लागला.

"अहो, दीड महिना सांगितलाय बाईंनी."

"टाचणीएवढ्या भोकांसाठी माणूस घरी बसतो होय?"

बाराव्या दिवशी टेकू लोखंडी कपाटाखाली उभा. दुसऱ्या वळणावर पोटात काहीतरी जुनेरासारखं फाटलं. कपाट तिथंच सोडलं असतं तर निभावलं असतं कदाचित. सोडलं नाही. कपाट वळणावर टेकवलं आणि मगच भिंतीला धरून खाली घसरला.

वरून घरमालकीण ओरडली, "ओरखडा नाही ना पडला?"

"नाही," टेकू म्हणाला.

या खेपेला पोट वीतभर कापावं लागलं. बाई रागावल्याही नाहीत. जड काम कायमचं बंद, एवढं कागदावर लिहून दिलं.

मेहुणा भेटायला आला. टाके बघून त्यानं जीभ चावली. "आता मात्र खरं ऑपरेशन झालं, दाजी."

टेकूनं सदरा खाली ओढला. मग म्हणाला, "ठोंब्या वळणावर कुठला खांदा लावतो?"

"डावा."

"चुकतोय तो."

"कपाट तर चढतंय, दाजी," मेहुणा म्हणाला.