वालाचा बार

कोणीही भेटलं की काकी आधी त्याचा उजवा खांदा दाबून बघत. फणस पिकलाय का बघतात, तसा. मग विचारत, "खांदा काय म्हनतो?" तब्येत, मुलंबाळं, पगारपाणी, सगळं त्यानंतर.

तुम्हाला वाटेल, म्हातारी हाडवैद्य असणार. छे हो. म्हातारीकडे बंदूक होती.

बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्याला काकींचं शेत, आणि त्याला लागून माझे दोन गुंठे. कात्रपच्या फ्लॅटमधून मी दर रविवारी तिथे जातो. ऑफिसात मी त्याला फार्महाऊस म्हणतो. आहे ती पत्र्याची खोली. काकी भात काढला की वाल पेरत, आणि वाल तरारले की रानातून भेकर उतरायचं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. दिसायला गरीब, खायला मात्र भस्म्या झाल्यासारखं. त्याला मारायचं नाही, नुसतं हाकलायचं, म्हणून काकींच्या यजमानांकडे पीकराखणीचं लायसन आणि ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर छर्रे ठासायचे आणि देवाचं नाव घ्यायचं.

यजमान गेले, लायसन काकींच्या नावावर झालं. पहिला बार त्यांनी यजमानांच्या मापाने भरला आणि उडवला. भेकर जागचं हललं नाही. काकी मात्र मागच्या शेणखताच्या ढिगात जाऊन बसल्या. अर्ध्या गावाने ते पाहिलं, उरलेल्या अर्ध्याला त्यांच्या दिराने सांगितलं.

हा दीर म्हणजे पलीकडच्या शेताचा मालक. त्याने काकींना सरळ ऐकवलं की बंदूक माझ्या नावावर करा, नाहीतर लायसनच्या चौकशीला हवालदार येईल तेव्हा मीच सांगणार, बाईमाणसाला हे झेपत नाही. तो गेल्यावर काकी माझ्या बांधावर आल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, आज बंदूक मागतोय. उद्या बांध सरकवंल."

आता बांध कसा सरकतो ते तुम्हाला मी काय सांगायचं. वर्षाला वीतभर, आणि विचारायला गेलं तर म्हणे पावसाने गेला.

तेव्हा हवालदार यायच्या आत हलका बार शोधायचा, असं ठरलं. बांधावर एक मोडकं सूप टांगलं आणि रविवारच्या चाचण्या सुरू झाल्या. लायसन त्यांचं, खांदा माझा. हे कायद्यात बसतं का, ते मी विचारलं नाही. बार उडाला रे उडाला की काकी येऊन खांदा दाबायच्या, "काय म्हनतो?" मी म्हणायचो, राजीनामा देतो म्हणतो. सोमवारी ऑफिसात माझा हात वर जायचा नाही. साहेबांनी विचारलं तर सांगायचो, फार्महाऊसचं काम काढलंय.

दारू कमी केली की खांदा खूश, पण छर्रे माझ्याच चपलांपाशी सांडायचे. वाढवली की पुन्हा बाम. शेवटी काकींनी निदान केलं की शिसं जड, म्हणून बंदूक लाथ मारते. मग त्यांनी छर्र्यांऐवजी हरभरे भरले. ठासताना त्यांचं पीठ झालं आणि सुपासमोर बेसनाचा ढग उठला. मी आठवडाभर त्या वासापायी भजी खाल्ली नाहीत.

त्यानंतर काकींनी आपल्या कणगीतले वाल काढले. वाल टणक. सुपावर असे ताडताड वाजले की भेकर भुंकत रानात पळालं. संध्याकाळी परत येऊन तेच सांडलेले वाल खाऊन गेलं, तो भाग वेगळा. पण बंदुकीने लाथ म्हणून मारली नाही. काकी त्या दिवशी मुलीचं लग्न ठरल्यासारख्या खूश होत्या.

हवालदार आला तेव्हा गाव गोळा झालं. दीर सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून. काकींनी पदर खोचला, बार भरला. धाडकन आवाज झाला, सूप वाजलं, आणि काकी होत्या तिथेच उभ्या. चष्मा तेवढा नाकाच्या शेंड्यावर आला. हवालदाराने काय ते लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

दिराला ते सहन होईना. म्हणाला, हा काय बार झाला, दादा भरायचा तसा भरून द्या, मी दाखवतो. काकींनी यजमानांचं जुनं माप त्याच्या हातात दिलं. त्याने भरला, उडवला, आणि धूर विरला तेव्हा दीरसाहेब त्याच शेणखतात होते.

गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. काकी हसल्या नाहीत. घरातून हळद-तेल गरम करून आणलं आणि दिराचा खांदा चोळायला बसल्या.

"भावजी, तुमचा दादा हे जल्मभर सोसत होता," त्या म्हणाल्या. "तेल लाव म्हनायचा, तर मी म्हनायची, नुसता चाप ओढून कुनाचा खांदा दुखतो? एकदा बी विचारलं नाय त्याला."

दिराने तेलाची वाटी त्यांच्या जवळ सरकवली. सगळ्या गावाचे खांदे ही बाई का दाबत फिरते, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी काकी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. बंदूक ठाण्यात जमा आहे. दिराने त्या बंदुकीसाठी अर्ज केला नाही. तरी माझा स्वभाव संशयी. दर रविवारी पोचलो की आधी बांध बघायचो.

परवा गेलो तर दीर विळा घेऊन बांधावर वाकलेला. म्हटलं, झालं, लागला कामाला. तरातरा भांडायलाच गेलो. जिथे सूप टांगलं होतं तिथे कोणी न पेरलेले वाल बांधभर माजले होते, आमच्या चाचण्यांचे. दीर भोवतालचं गवत तेवढं कापत होता, वेलांना धक्का न लावता. बांध होता तिथेच होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भेकराला होतील."

मग विळा खाली ठेवून तो जवळ आला आणि त्याने माझा उजवा खांदा दाबून बघितला.