त्यांच्यातलीच एक

पडद्यावर कमलमावशीचा फोटो होता.

जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या एका हॉटेलचा हॉल. एसी इतका की माझे हात गार पडलेले. गोल टेबलं, त्यावर पांढऱ्या चादरी, कंपनीचे सगळे मोठे लोक आणि दिल्लीहून आलेले दोन सल्लागार. पडद्यावर अधारतालच्या आमच्या वस्तीतलं विहार. सतरंजीवर बसलेल्या बायका. मागे बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. पुढे हात जोडून बसलेली कमलमावशी, आणि तिला लागून मी.

हा फोटो आमच्या कारखान्याच्या साहेबांनी त्यांच्या ड्रायव्हरकडून काढून घेतला होता. आठवण राहील, म्हणाले होते.

साहेब माइकवर हिंदीत बोलून राहिले होते. "हमारा सबसे बड़ा रिस्क था वाइंडिंग सेक्शन. वहाँ की औरतें अड़ जातीं तो पूरा प्रोजेक्ट अटक जाता. इन लोगों को समझाने के लिए इन्हीं में से एक चाहिए था. और वो हमारे पास थी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खड़ी हो जाओ, बेटा."

मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. काय करावं सुचलं नाही म्हणून मी हातही जोडले. टाळ्या थांबल्या, पण बस म्हणून कोणी म्हटलं नाही. मी तशीच उभी, आणि साहेब पुढचं वाक्य बोलले. "अगले महीने से वाइंडिंग बाहर ठेके पर जाएगी. ठेकेदार की लड़कियों की ट्रेनिंग हमारी औरतों ने ही कर दी है. कोई हंगामा नहीं हुआ."

पुन्हा टाळ्या.

इन्हीं में से एक. मी इंजिनिअर होते. त्या कारखान्यात मी कामाला लागले तेव्हापासून कोणी माझ्या कामात खोट काढली नव्हती. नवीन लाइनचा आराखडा माझा होता, कुठलं मशीन कुठे बसेल ते मी ठरवलं होतं. त्यातलं काहीच पडद्यावर नव्हतं. पडद्यावर माझी जात होती, सतरंजीवर बसलेली.

जरा मागून सांगते.

आमचा कारखाना जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचा. वाइंडिंग म्हणजे तांब्याच्या तारेवर कागद गुंडाळून तिची कॉइल भरायची. हे काम बायका करायच्या, बहुतेक आमच्या वस्तीतल्या. बापजादे भंडारा-नागपूरकडून बिडी आणि गिरणीच्या मागे इकडे आलेले. बाहेर हिंदी, घरात मराठी. बायका वर्षानुवर्षं रोजंदारीवर. पक्क्या झाल्या नाहीत, आणि कोणी करतो म्हणूनही म्हटलं नाही. कमलमावशी त्यांच्यात सगळ्यात जुनी. माझी आई कामाला जायची तेव्हा मी मावशीच्या घरी जेवायची. तिच्याच दिव्याखाली बसून अभ्यास केला.

मग कंपनीत बदल आला. खरंच, बदल असाच यायचा, पाहुण्यासारखा. त्याला नाव होतं, बॅनर होता, चहाच्या कपावरसुद्धा छापला होता. मला एक बिल्ला मिळाला, चेंज लीडर. मावशीनं तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "लीडर म्हंजे तू नेता झाली काय? मंग चल, वॉर्डातून उभी राह."

खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला होता. आणि तो बदल चुकीचा नव्हता. आवारात ट्रान्सफॉर्मर महिनोन्महिने पडून राहायचे, गावं अंधारात बसायची, आणि इकडे एक कॉइल या टोकाहून त्या टोकाला डोक्यावर नेत होतो आम्ही. हे सुधारायलाच पाहिजे होतं. दिल्लीचे सल्लागार सांगायचे, माणसाला बदलाची भीती वाटते, म्हणून त्याला विश्वासात घ्यावं लागतं. मला मनातून हसू यायचं. माझ्या आजोबांनी घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. गावानं पाणी बंद केलं तरी परत आणले नाहीत. बदल म्हणजे काय, ते आम्हाला कोणी कपावर छापून सांगायची गरज नव्हती. आमचं सगळं जगणंच बदलावर उभं आहे.

साहेब मराठी होते. मोठ्या घरातले, जुने जबलपूरचे. एकदा मी जिन्यात आईशी फोनवर बोलत होते, "काहून जेवली नाही तू?" ते मागून आले आणि थांबले. म्हणाले, "अगं, तू तर आपली निघालीस." त्या दिवसापासून माझ्याशी मराठीत. हिंदीच्या त्या सगळ्या गलबल्यात एक साहेब तुमच्याशी घरच्या भाषेत बोलतो, तेव्हा माणूस पाघळतो. मीही पाघळले. आपली, हा शब्द मी घरी नेला आणि आईला सांगितला.

वाइंडिंगच्या बायका काम जाईल या भीतीनं नवीन लाइनला तयार नव्हत्या. ऑफिसात बैठक घेतली तर त्या बोलायच्याच नाहीत. माना खाली. साहेब वैतागले. तेव्हा मी म्हटलं, "साहेब, ऑफिसात नाही बोलणार त्या. विहारात या."

आमच्या वस्तीत एक रीत आहे. भांडण असो, लग्नाचं जमवायचं असो, नळाचा वाद असो, विहारात सतरंजी घालून बसायचं. आधी वंदना, मग बोलणं. आणि तिथे जे बोललं ते बोललं. कोणी त्याचा कागद मागत नाही. बुद्धासमोर बसून बोललेल्या गोष्टीचा कागद मागणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणण्यासारखं. अशी आमची रीत.

साहेब आले. बाहेर बूट काढले. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला. सतरंजीवर मांडी घालून बसले, स्टीलच्या पेल्यातला चहा प्याले. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. इतका मोठा माणूस आमच्यात बसून चहा पिऊन राहिला, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते मराठीत म्हणाले, "नवीन लाइन आली तरी एकही बाई बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द आहे."

कमलमावशीनं त्यांच्याकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बाई. खरं हाय काय?"

मी म्हटलं, "खरं आहे मावशी."

तेव्हाच तो फोटो निघाला.

त्यानंतर अडचण अशी आलीच नाही. बायकांनी स्वतः तार गुंडाळायच्या जुन्या घोड्या उचलून नवीन जागी लावल्या. काही दिवसांनी साहेबांनी नव्या पोरी आणल्या, "मदतीला आहेत, शिकवा." बायकांनी शिकवलं. मावशी एकेका पोरीचं बोट धरून तारेचा ताण दाखवायची, तिला आपल्या डब्यातलं द्यायची. कोणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. शिकवायला काय, शब्द तर मिळालाच होता.

आता पुन्हा भेडाघाट. जेवणाची वेळ झाली. मी साहेबांना चहाच्या टेबलाजवळ गाठलं. मराठीतच बोलले. "साहेब, विहारात तुम्ही शब्द दिला होता."

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "यहाँ नहीं." आम्ही दोघंच बोलत असताना त्यांच्या तोंडून हिंदी निघाली, जिन्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मग मला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात मराठी. "अगं, तू आता मॅनेजमेंटमध्ये आहेस. भावनेनं कारखाने चालत नाहीत. आणि मी कुठे लिहून दिलं होतं?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"तुझं काय बिघडलं?" ते म्हणाले. "तुझं नाव मी कंपनीच्या शहपुऱ्याच्या डेपोसाठी दिलंय. तिथेही हेच करायचं आहे. तिथे तुमचेच लोक जास्त आहेत, तुला सोपं जाईल."

तुमचेच लोक. जिन्यात मी आपली होते. चहाच्या टेबलाजवळ तुमचे लोक झाले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेले. कंपनीनं अजून बायकांना काही कळवलं नव्हतं. मीच सांगितलं. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं. हात थांबला नाही तिचा.

"तुले मालूम होतं काय?"

"नाही मावशी."

"मंग तू साहेबीन कशाची? आमाले नाय सांगितलं, अन् तुले बी नाय सांगितलं."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. लहानपणी घ्यायची. म्हणाली, "रडू नको. काम गेलं त्याचं मी पाहून घेईन. धुणीभांडी करीन. पण बाई, आमाले ऑफिसात बोलावून काढलं असतं, गेटवरून काढलं असतं. त्यानं विहारात बसून काढलं. आता तिथं कोणी काही म्हटलं त लोक हासतीन. ते कसं भरून देशीन तू?"



बायका गेटवर गेल्या. युनियनवाले म्हणाले, रोजंदारीवाल्या आमच्यात येत नाहीत. ठेकेदार म्हणाला, माझ्या पोरी तयार आहेत. ज्या पोरींना मावशीनं बोटं धरून शिकवलं, त्या मान खाली घालून गेटातून आत गेल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही कोणीतरी काही शब्द दिलाच असेल. माझा राग त्या माणसावर आहे ज्यानं आमच्या सतरंजीवर मांडी घातली. आमच्यापासून लांब राहून, आमच्या हातचं पाणी टाळून अपमान करणारे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. त्यांना ओळखता येतं. हा आमचा चहा पिऊन गेला. असं करणाऱ्याला ओळखायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता शहपुऱ्याचं सांगते.

साहेबांना वाटलं मी निवळले. मी गप्प होते म्हणून. त्यांनी विचारलं, "शहपुऱ्यातही विहार आहे ना? तिथेच बैठक लाव." मी म्हटलं, "नाही साहेब, विहार नाही. डेपोच्या आवारात. सगळ्यांसमोर." ते म्हणाले, "ठीक आहे, तुला जसं जमेल तसं."

आवारात झाडाखाली खुर्च्या मांडल्या. समोर डेपोची माणसं, लाइनमन, हेल्पर, झाडूवाल्या. आमचेही, दुसरेही. साहेब खुर्चीवर, शेजारी दिल्लीचा एक सल्लागार. साहेबांनी माझी ओळख करून दिली, "ये आपके बीच की ही हैं," आणि माइक माझ्या हातात दिला.

नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत होतं. घरी आई होती, तिचं औषध होतं, आणि पगार एकच. पण समोर पहिल्या रांगेत एक बाई हात जोडून बसली होती, अगदी फोटोतल्यासारखी. ती माझ्याकडे पाहत होती, साहेबांकडे नाही. मी काय सांगते, त्यावर ती हो म्हणणार होती.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मुझे यहाँ ये कहने के लिए लाया गया है कि किसी का काम नहीं जाएगा. यही बात मैंने अधारताल की औरतों से कही थी. वो आज घर बैठी हैं. उनकी जगह जो लड़कियाँ काम कर रही हैं, उन्हें उन्हीं औरतों ने सिखाया था. साहब सामने बैठे हैं. इनसे लिखकर माँगिए. लिखकर न दें तो किसी को कुछ मत सिखाइए."

साहेब उठले नाहीत, खुर्चीतूनच म्हणाले, आवाज अगदी शांत, "बैठ जाओ, बेटा."

मी बसले नाही.

"बैठ जाओ."

"साहेब," मी म्हटलं, आता मराठीत, माइकवर, "तुम्ही म्हटलं तेव्हा मी एकदा उभी राहिले होते. आता तुम्ही म्हटलं म्हणून बसणार नाही."

मराठी तिथे किती जणांना कळली, माहीत नाही. त्यांना कळली. त्यांचे कान लाल झाले.

यानं मी काही जिंकलं, असं समजू नका. मावशीचं काम परत आलं नाही. ती एका होस्टेलात पोळ्या लाटते. शहपुऱ्याच्या लोकांनी लेखी मागितलं, कंपनीनं दिलं नाही, तिथला बदल लटकून पडला. एक लाइनमन मला तोंडावर म्हणाला, "मॅडम, आपने हमारा नया डेपो रुकवा दिया." त्याचंही बरोबर असेल. मला नोटीस आली, चौकशी झाली, माझा बिल्ला काढून घेतला आणि मला भंगाराच्या गोदामावर बसवलं. साहेब बढती घेऊन भोपाळला गेले. विहारात मी जाते. मावशी बोलते, पण माझ्या शेजारी बसत नाही.

नवीन साहेब आले आहेत. तेही बदल घेऊन आले आहेत, नवा बॅनर, नवे कप. बैठकीला मलाही बोलावतात, कारण न बोलावलं तर वाईट दिसतं. पडद्यावर बाण असतात, गोल असतात, सगळं इकडून तिकडे चाललेलं असतं. मी शेवटच्या रांगेतून उठते आणि विचारते, "यात जाणार कोण? नावं सांगा. आणि लिहून द्या."

कोणीतरी म्हणतं, पुढच्या बैठकीत बघू, आता बसा.

मी उभीच असते. माणसं घड्याळ पाहतात, चहा गार होतो, कोणी खोकतं. होऊ दे. विहारात दिलेला शब्द मी परत आणू शकत नाही. पण या कारखान्यात आता कागद हातात आल्याशिवाय मी खाली बसणार नाही.