टांझानियाचे मामा

तीन आठवड्यांपूर्वी सकाळीच सिंधूचा फोन आला. "दादा, आपले टांझानियाचे मामा गेले," ती म्हणाली. मी खुर्ची ओढून बसलो. मग तिनंच सांगितलं, "त्यायच्या पोरीचा फोन होता. झोपेतच गेले म्हणे. मी तीन दिवस देवाला हात नाही लावत, घरी सांगून ठेवलं. मामाचं तेवढंच असते ना?" मी हो म्हणालो. खरं तर मामाचं सुतक किती दिवस पाळतात ते मला नक्की ठाऊक नाही, आणि मोरोगोरोच्या डोंगरात राहणाऱ्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या मामाचं किती पाळायचं हे तर कुठल्याच भटजींना सांगता येणार नाही. पण माझी ही धाकटी बहीण पस्तीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. तिनं ठरवलं की ठरवलं.

या मामांचं नाव कॉस्मास. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या आवारातल्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहात तो माझा खोलीमित्र होता. उमरेडजवळच्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन मी एसटीनं नागपुरात आलो, तेव्हा दुसऱ्या कुठल्याच वसतिगृहात जागा उरली नव्हती. इथे मात्र नियम होता की एका देशाची दोन मुलं एका खोलीत ठेवायची नाहीत. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर थोडेफार भारतीय लागायचेच, आणि त्या लागणाऱ्यांत माझा नंबर लागला. खोली नंबर चौदा. दार उघडलं तर खिडकीशी सहा फुटांहून उंच माणूस कमरेला पांढरं, काठाला निळ्या रेघा असलेलं कापड गुंडाळून दगड पुसत बसलेला. तो भूगर्भशास्त्राला होता, त्यामुळे आमच्या खोलीत माणसांपेक्षा दगड जास्त. मला इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही. दोन दिवस मी नुसता मान हलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यानं दगड खाली ठेवला आणि म्हणाला, "नामदेव, तू काहून बोलून नाही राहिला?" मी चाटच पडलो. त्या तोंडातून माझ्या आईची बोली... मेसमधल्या आचाऱ्यांकडून तो वर्षभरात मराठी शिकला होता, आणि मराठी म्हणजे हीच, अशी त्याची शेवटपर्यंत खात्री होती. त्या दिवशी मी जो बोलायला लागलो तो मेसची घंटा झाली तरी थांबलो नाही.

खोटं कशाला सांगू, त्या इमारतीत मी जेवढा जगलो तेवढा नंतर कुठेही जगलो नाही. व्हरांड्यातल्या एकाच दोरीवर अकरा देशांचे कपडे वाळत. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायच्या पाळ्या लागत, आणि इराणच्या फरहादची पाळी असली की ताट्यांपेक्षा आम्हीच जास्त भिजायचो. माझ्या गावाहून संत्र्यांचं पोतं आलं की ते खोलीपर्यंत पोचायचंच नाही, जिन्यातच संपायचं. मला त्याचा सुरुवातीला राग यायचा. मग एकदा मलेशियाहून कुणाच्या तरी आईनं पाठवलेला डबा मीच जिन्यात अर्धा केला आणि तो विषय मिटला. पण सगळ्यात भारी होती ती ताट वाजवायची रीत. ज्याला अडचण असेल त्यानं जेवताना उभं राहून चमच्यानं ताट वाजवायचं. सगळे गप्प होत. त्यानं अडचण सांगायची आणि ती सुटेपर्यंत पंगतीतून कुणी उठायचं नाही. कुणाची फी अडकली, कुणाला घरचं पत्र आलं नाही, कुणाचं गणित बसेना, सगळं त्या ताटावर निघायचं. दोन वर्षांत मी एकदाही ताट वाजवलं नाही. मला लोकांसमोर उभं राहून बोलता यायचंच नाही, ते माझं जुनं दुखणं. माझं ताट वाजवलं ते कॉस्मासनं.

तो मे महिना होता. सिंधूचं लग्न ठरलं होतं. मुलगा, मनोहर, हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला, घर नागपुरात. आणि त्या साली आमच्या गावची विहीर आटली. माणसांना प्यायला पाणी नाही तिथे वरात कुठे उतरवायची? बाबा लग्न पुढे ढकलायच्या विचारात होते आणि वरपक्ष ऐकायला तयार नव्हता. मी हे फक्त कॉस्मासला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मेसमध्ये त्यानं माझंच ताट माझ्यासमोरून उचललं, वाजवलं आणि म्हणाला, "याच्या बहिणीचं लगन आहे आन् गावात पाणी नाही. आपल्या टाकीत आहे." झालं... सुट्ट्यांमुळे देशी मुलं घरी गेली होती, राहिले होते ते सगळे परदेशी, ज्यांना घरी जायला पैसाही नव्हता आणि दोन महिन्यांची सुट्टी पुरणारीही नव्हती. एवढ्या रिकाम्या बसलेल्या माणसांना लग्न मिळालं. वॉर्डन सरांनी आधी हात झटकले, मग "मेसच्या हॉलपुरतं" म्हणाले, आणि शेवटी स्वतःच्या घरची सतरंजी पाठवली.

त्या चार दिवसांसारखी धमाल मी पाहिलेली नाही. मुलींना पाऊल टाकायला बंदी असलेल्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर आमच्या गावच्या वीस बायका मुक्कामाला आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी खोल्यांची झाडलोट करून मुलांना रांगेत उभं करून रागावलं. फरहादच्या मिशा पाहून माझ्या काकांनी त्याला वरातीच्या स्वागताला पुढे केलं. मांडवाचे बांबू कॉस्मासनं शिडी न घेताच बांधले. आई त्याच्याकडे पाहून हसायची. दिवाळीत तो आमच्या गावी येऊन गेला होता. मी त्याला बजावून नेलं होतं की माझ्या आईला आई म्हण. पण वसतिगृहात त्याला शिकवलं होतं की परक्या बाईला ताई म्हणायचं, म्हणून तो तिला ताईच म्हणत राहिला. आईनंही ते कधी दुरुस्त केलं नाही.

या सगळ्या गडबडीत मी एक काम टाळत होतो. सिंधूचं डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं. व्याह्यांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं की आमच्या घरच्या सुना शाळा करत नाहीत. सिंधूनं माझ्याकडून शब्द घेतला होता की लग्नाआधी मी त्यांच्याशी बोलेन. महिना गेला, हळद झाली, मी बोललो नाही; फक्त कॉस्मासला सांगून मोकळा झालो. लग्नाच्या दिवशी ती आमच्याच खोलीत, चौदा नंबरात, मुंडावळ्या बांधून बसली होती. मी आत डोकावलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "दादा, बोलला का गा त्यायच्याशी?" मी म्हणालो, "बघतो." ती मान खाली घालून बसली. खिडकीपाशी कॉस्मास आपली पेटी उघडून काहीतरी शोधत होता. तो शोधत होता ते कापड. कारण अंतरपाट गावीच राहिला होता, बाबांच्या पेटीत, आणि मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. त्यानं आपल्या देशाहून आणलेलं एक कोरं कापड काढलं, तो नेसायचा तसंच पांढरं, निळ्या काठाचं. आईनं त्याच्यावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं.

बोहल्यापाशी दुसरंच संकट उभं होतं. भटजींनी पुकारलं, "मुलीचे मामा या." मामा नव्हते. होस्टेलात कुठे लग्न लावतात का, म्हणून माझे सख्खे मामा रुसून गावातच बसले होते. आई रडवेली झाली. कापड घेऊन उभ्या असलेल्या कॉस्मासकडे तिचं लक्ष गेलं आणि ती एकदम म्हणाली, "याले उभा करा. मले ताई म्हणते ना तो? मग झालाच मामा." भटजी म्हातारे होते, उन्हानं कावले होते. त्यांनी वाद घातला नाही. कॉस्मासला कुणीतरी टोपी घातली आणि तो सिंधूच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. मध्ये ते कापड, अलीकडे सिंधू, पलीकडे मनोहर. त्या मांडवात दोघांनाही एकाच वेळी पाहू शकणारा तो एकटाच होता.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. बँडवाल्यानं गाल फुगवले. कापड खाली यायला लागलं, आणि सिंधूच्या डोक्यावरून एक लांब काळा हात पुढे आला आणि त्यानं कापडाची वरची कड धरली.

"थांबा. कपडा माझा आहे," कॉस्मास म्हणाला. "मी मामा आहे. मामा विचारून राहिला. पोरीचं एक वर्ष बाकी आहे. ते पुरं होईन का नाही?"

"हा कोण? बाजूला करा याले," व्याही उठून उभे राहिले. कॉस्मासनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो कापडावरून थेट मनोहरकडे पाहत होता. भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय. बाबांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मी सतरंजीकडे. लग्न मोडलं तर सिंधूचं काय होईल, हे मला त्या क्षणी दिसत होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग कापडापलीकडून मनोहरचा आवाज आला, "होईन पुरं."

"जोरात," कॉस्मास म्हणाला.

"डी.एड. पुरं करंन ती. मी सांगतो." आणि वडिलांकडे वळून हळू आवाजात, "बाबा, एवढ्या लोकांसमोर बोललो मी. आता झालं."

कॉस्मासनं वाकून विचारलं, "सिंधू, ऐकलं?" मुंडावळ्या हलल्या. त्यानं कड सोडली. बँड वाजला तो असा वाजला की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली, आणि आमची अकरा देशांची वरमंडळी, म्हणजे खरं तर वधूपक्ष, जी नाचायला लागली ती जेवणं थंड झाली तरी आवरेना. व्याही फुगून बसले होते. कॉस्मास बुंदीची बादली घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी घास घेईपर्यंत हलला नाही. शेवटी तेच कंटाळले.

पंगती उठल्यावर मी त्याला चौदा नंबरात गाठलं. त्याला सांगितलं, बाबा रे, आमच्यात मामा नुसता उभा राहतो, काही विचारत नाही. तो खरोखरच घाबरला. त्याच्या लोकांत मुलीचा मामा हो म्हणाल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडत नाही. तिच्या सगळ्याचा जाब त्याला द्यावा लागतो. आईनं उभं केलं तेव्हा हे ओझं आपल्यावर आलं असंच तो समजला होता. मग म्हणाला, "नुसता उभा राहते? मग मामा पाहिजे काहून?" एवढ्यात बाबा आत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं का गा हे?" मी म्हणालो, "हो." कॉस्मास तिथेच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दगड पुसायला घेतला.

तो वर्षभरानं मायदेशी गेला. मला त्याची पत्रं कमी येत, सिंधूला जास्त. प्रत्येक पत्रात पहिला प्रश्न हाच, की शाळा कशी चालू आहे. ती शिकली, मनोहररावांनी शब्द पाळला, पुढे तर ते तिला स्कूटरवर शाळेत सोडत. कापड सिंधूकडेच राहिलं. आमच्या घरातलं त्यानंतरचं प्रत्येक लग्न त्याच कापडाआड लागलं, आणि कापड खाली यायच्या आधी मुलीच्या मामानं मुलाला एक प्रश्न विचारायचा, ही आमच्या घराची रीत झाली. सिंधूच्या मुलीच्या वेळी मामा म्हणून मी उभा होतो. मीही विचारलं. पाठ करून गेलो होतो. लोक कौतुकानं म्हणायचे, ही रीत नामदेवराव आणि त्यांच्या आफ्रिकन मित्रानं पाडली. मी ऐकून घ्यायचो.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी, सुतक फिटल्यावर, मी हुडकेश्वरला सिंधूकडे गेलो. तिनं कापड धुऊन गच्चीवर वाळत घातलं होतं. नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. कुंकवाचा डाग इतक्या वर्षांत तांबूस झालाय, गेलेला नाही. घडी घालायला तिनं दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. कापड ताणलं गेलं, आणि त्याच्यावरून माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "दादा, एक खरं सांगशील? त्या दिवशी त्यायनं नसतं विचारलं, तर तू विचारलं असतं का गा?"

गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आमचं काही ठरलं नव्हतं. सगळं त्याचं होतं."

"मले माहीत होतं," सिंधू म्हणाली. "तू 'बघतो' म्हणून निघून गेला, तवा मी त्याच खोलीत बसून होती ना." मग ती चार पावलं पुढे आली, माझ्या हातातली टोकं घेतली आणि घडी पुरी केली.